रुपयांच्या सेटची रँकिंग: दुर्मिळतेला वेटेज किती द्यायचं आणि ते ठरवायचं कोणी?

कलदार_अमळनेर

नमस्कार मंडळी. आमच्या अमळनेर-चोपडा-पारोळा भागात नाणीवाल्यांचा एक छोटा ग्रुप आहे, महिन्या दोन महिन्यांनी बसतो, नाणी दाखवतो, शेवभाजी खातो आणि घरी जातो. आजवर भांडण नव्हतं. यंदा कोणीतरी टूम काढली की अमेरिकेत जशी सेट रजिस्ट्री असते, तुमचा सेट टाकायचा, मार्क पडतात, नंबर लागतो, तसं आपणपण करू. म्हटलं करू. विषय साधा घेतला, पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया, १९११ ते १९२२, बारा सालं, प्रत्येक सालाचं एक नाणं, टांकसाळ कोणतीही चालेल.

हिशोब असा ठरला की नाण्याचा ग्रेड (नाणं किती चांगल्या स्थितीत आहे त्याचा आकडा, तो १ ते ७० वाला) गुणिले त्या सालाचं वेटेज, सगळ्याची बेरीज, भागिले एकूण वेटेज. नाणं नसेल तर त्या सालाला शून्य. आणि वेटेज बघा: १९११ ला १०, १९२२ ला ९, १९२१ ला ७, १९१५ ला ४, बाकी आठ सालांना एक-एक. एकूण ३८.

आता माझा सेट. १९२२ सोडून अकराच्या अकरा सालं आहेत, सगळी वापरलेली, सरासरी ३० ग्रेडच्या आसपास. माझे मार्क होतात २२.९. दुसऱ्या एका भाऊंकडे फक्त तीन नाणी आहेत, १९११ चं ६२, १९२१ चं ५८, १९२२ चं ५५, तिन्ही स्लॅबमधली (म्हणजे ग्रेडिंग कंपनीने ग्रेड देऊन प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेली). त्यांचे होतात ४०. म्हणजे बारापैकी नऊ खाने रिकामे आणि माणूस माझ्या कितीतरी पुढे. वेटेज काढून नुसती बाराने सरासरी काढली तर मी २७.५ आणि ते १४.६, सगळं उलटंच.

मला नंबर पाहिजे म्हणून बोलत नाहीये (थोडा पाहिजे, खोटं कशाला बोलू). पण वेटेज ठरवलं कसं तर कॅटलॉगातली किंमत बघून, आणि ठरवलं कोणी तर ज्यांच्याकडे ही तीन सालं आहेत त्यांनीच. याला स्पर्धा म्हणायची का? जाणकारांनी सांगा, तिकडे अमेरिकेत हे कसं करतात आणि तिथे कोणी ओरडत नाही का?

भुसावळ_जंक्शन

ओरडतात ना भो, रजिस्ट्री आहे तेव्हापासून ओरडतायत.

तुमच्या ग्रुपने जे उचललंय ते पीसीजीएस या अमेरिकन ग्रेडिंग कंपनीचं मॉडेल आहे. त्यांच्याकडे सेटमधल्या प्रत्येक नाण्याला सर्वसाधारणपणे १ ते १० मध्ये वेटेज असतं, त्यावरून वजनी सरासरी निघते, अपुऱ्या सेटला मार खावा लागतो, आणि वरून त्या ग्रेडमध्ये तुमच्यापेक्षा चांगलं कोणाकडेच नसेल तर बोनस. एनजीसी या तिथल्याच दुसऱ्या कंपनीचं वेगळं आहे, तिथे प्रत्येक नाण्याच्या प्रत्येक ग्रेडला वेगळे पॉइंट ठरवलेले असतात आणि नुसती बेरीज होते. वरवर दोन्ही सारखंच वाटतं पण फरक मोठा आहे. मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलरमधलं उदाहरण घ्या, सॅन फ्रान्सिस्कोचा १८८४ चा डॉलर. ३२ लाख पाडले, घासलेला पाहिजे तर कुठेही मिळेल, दुर्मिळ अजिबात नाही. पण तोच कोराकरकरीत, वापरात न गेलेला शोधायला जा, भलेभले संग्राहक थकतात. आता याला एकच वेटेज द्यायचं तर किती देणार? जास्त दिलं तर घासलेल्या फालतू नाण्याला फुकट मार्क, कमी दिलं तर ज्याने खरंच कोरा मिळवला त्याच्यावर अन्याय. ग्रेडवार पॉइंट दिले की हा प्रश्न सुटतो, पण मग प्रत्येक खान्यासाठी आकडा ठरवत बसायचं, ते काम तुमच्या ग्रुपमध्ये कोण करणार.

आता तुमच्या हिशोबातली खरी गोम सांगतो, ती कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. १ ते ७० चा हा स्केल शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ मध्ये काढला, जुन्या अमेरिकन तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी. आणि तो काढला होता किमतीसाठीच! म्हणजे १ ग्रेडच्या नाण्याला जी मूळ किंमत, त्याच्या ३० पट किंमत ३० ग्रेडला, ७० पट ७० ला, असा त्याचा हिशोब. बाजाराने तो हिशोब कधीच मोडला पण आकडे राहिले. म्हणजे ग्रेडच्या आकड्यात एकदा किंमत बसलेली आहे, त्याला तुम्ही कॅटलॉगच्या किमतीवरून काढलेल्या वेटेजने गुणताय. किंमत गुणिले किंमत. दुर्मिळता यात आली कुठे? तुम्ही पाकिटाची रँकिंग काढली आणि त्याला नाण्यांची रँकिंग नाव दिलं.

तापीकाठचा

मी उलट बाजूने बोलतो, कोणीतरी बोललं पाहिजे.

वेटेज नसेल तर काय होतं ते पण बघा. १९१६ ते १९१९ चे रुपये टांकसाळींनी बेसुमार पाडले, आजपण कुठल्याही बाजारात चांदीच्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन ओंजळभर मिळतील. १९२२ ला काम थंडावलं, फक्त मुंबईत पाडले आणि तेही थोडे, त्यानंतर कित्येक वर्षं रुपया पाडलाच नाही. या दोघांना एकाच मापाने मोजणार? मग कोणी १९२२ च्या मागे लागणारच नाही, एका दिवसात नऊ सालं उचलतील आणि पंचाहत्तर टक्के सेट तयार. ज्या भाऊंनी तीनच पण अवघड नाणी मिळवली त्यांनी शोधलंय, घासाघीस केलीय, पैसे घातलेत. अमळनेरच्या दादांचा राग समजतो, पण अकरा नाण्यांपैकी आठ तर सोपी आहेत ना दादा.

माझं म्हणणं वेटेज पाहिजेच, फक्त १० आणि १ एवढी दरी नको. १ ते ३ ठेवा.

सराफगल्ली_जळगाव

माझा धंदा सराफीचा, नाण्यांचा नाद घरातूनच लागलेला, म्हणून थोडं दुसऱ्या अंगाने सांगतो.

दुर्मिळ म्हणजे किती पाडले ते नाही, किती उरले ते. आणि उरले किती हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. आमच्याकडे आजपण कलदार, म्हणजे जुने चांदीचे रुपये, मोडीत येतात. खेड्यावरून माणूस येतो, लग्न असतं, दवाखाना असतो, फडक्यात बांधलेले पंचवीस-तीस रुपये काट्यावर टाकतो. ११.६६ ग्रॅमचं नाणं, ९१.७ टक्के चांदी, हिशोब पाच मिनिटांत होतो आणि माल आटणीला जातो. सालं बघायला कोणाला वेळ आहे? मी बघतो, बाजूला काढतो, पण सगळे सराफ बघत नाहीत. चांदी वाढली की आटणी वाढते, मग कॅटलॉगात 'कॉमन' लिहिलेलं साल उद्या कॉमन राहील याची काय गॅरंटी.

याच्यावर एक किस्सा सांगतो, विषयाला धरूनच आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची एवढी टंचाई झाली की १९१७ च्या शेवटी सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. लोकांचा कागदावर भरवसा नव्हता, नोटा देऊन चांदीचे रुपये मागायला रांगा लागल्या. तेव्हा इंग्रजांनी अमेरिकेकडे हात पसरले. अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर आटवायला काढले, २७ कोटींच्या वर! त्यातली बहुतेक चांदी इंग्रजांना विकली, ती इकडे आली आणि तिचे रुपये पाडले. म्हणजे १९१८-१९ चे जे रुपये आपण फालतू म्हणून बाजूला सारतो त्यातल्या कितीतरी रुपयांत मॉर्गन डॉलरची चांदी आहे. आणि तिकडे मॉर्गन डॉलरचा सेट करणाऱ्यांची पंचाईत अशी की आटवताना कोणत्या सालाचे किती गेले याची नोंदच ठेवली नाही. कागदावर लाखांनी पाडलेलं साल, प्रत्यक्षात भट्टीत गेलेलं. म्हणून तिकडेपण नुसत्या पाडलेल्या आकड्यावरून वेटेज देत नाहीत.

आणि १९११ ला १०? काहीच्या काही. डुक्कर रुपया म्हणून त्याचं नाव झालं, राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली म्हणून सरकारने मागे घेतला, नंतर हत्तीची सोंड नीट दिसेल असा नवीन ठसा केला. सुमारे ९४ लाख पाडले होते, त्यातले ७ लाखांच्या आसपासच बाहेर गेले, बाकी आटवले असं सांगतात. ऐकायला फार थोडे वाटतात. पण गोष्ट गाजल्यामुळे लोकांनी ते जपून ठेवले, म्हणून मोठ्या प्रदर्शनात गेलात की टेबलाटेबलावर दिसतो. किंमत जास्त, कारण ज्याला त्याला तोच पाहिजे. बुऱ्हाणपूरला केळीला भाव काय निघाला यावरून बागेत घड किती लागलेत ते कळतं का? तसंच हे.

कलदार_अमळनेर

सराफ दादा, पिटमनचं मला माहीतच नव्हतं, आता १९१८ च्या रुपयाकडे वेगळ्या नजरेने बघेन.

भुसावळवाले भाऊ, किंमत दोनदा मोजली जाते हा मुद्दा पुढच्या बैठकीत मांडतो, बघू काय उत्तर येतं. पण मग वेटेज कशावरून द्यायचं? ग्रेडिंग कंपन्यांचा पॉप्युलेशन रिपोर्ट असतो तो वापरला तर? त्यात कोणत्या सालाची किती नाणी कोणत्या ग्रेडला आली ते छापलेलं असतं.

भुसावळ_जंक्शन

आपल्या रुपयांसाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. रिपोर्टमध्ये फक्त पाठवलेली नाणी दिसतात. अडीच-तीन हजाराच्या नाण्यावर ग्रेडिंगची फी, कुरियर, विमा एवढा खर्च कोण करतो? म्हणून साधी सालं कमी दिसतात आणि भारी सालं जास्त, कारण भारी नाणं सगळे पाठवतात. रिपोर्ट बघून वेटेज दिलं तर १९१३ चा रुपया १९११ पेक्षा दुर्मिळ निघायचा, मग घ्या.

दुसरं म्हणजे एकच नाणं लोक स्लॅब फोडून परत पाठवतात, या वेळेला एक ग्रेड वर येईल या आशेने. जुनं लेबल परत करत नाहीत, मग एकाच नाण्याची दोन-तीनदा नोंद. वरच्या ग्रेडला हा खेळ जास्त चालतो आणि रजिस्ट्रीत मार्कपण वरच्या ग्रेडलाच जास्त, त्यामुळे खेळ अजून वाढतो. रँकिंगने भाव वाढतो, भावाने वेटेज वाढतं, वेटेजने परत भाव. डीलर खूश.

शेल्डनचाच दुर्मिळतेचापण एक स्केल आहे, आर-१ ते आर-८, तो मात्र किमतीवर नाही, अंदाजे किती नाणी शिल्लक आहेत यावर आहे. आर-८ म्हणजे जास्तीत जास्त तीन, आर-७ म्हणजे ४ ते १२, असं उतरत उतरत आर-१ म्हणजे १२५० च्या वर. या मापाने बघितलं तर तुमची बाराच्या बारा सालं आर-१. १९२२ पण आर-१! झालं, सगळ्यांना वेटेज एक, भांडण मिटलं 😄

तापीकाठचा

हे बरंय, मापच असं घ्यायचं की ज्यात माझा १९२२ पण चिल्लर ठरला. (हो, आहे माझ्याकडे. आणि नाही, मी अमळनेरच्या ग्रुपात नाही, नाहीतर म्हणाल स्वतःचंच वेटेज वाढवतोय.)

तिकीटवाला_धुळे

मी नाण्यांचा माणूस नाही, पोस्टाच्या तिकिटांचा. पण स्पर्धेत मांडणी लावायचा अनुभव आहे म्हणून तोंड घालतो.

तिकिटांमध्ये हा वाद फार जुना आहे आणि तिथे एक उत्तर काढलेलं आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाप्रमाणे पारंपरिक विभागात शंभरपैकी मार्क असे असतात: मांडणी २०, विषयाचं महत्त्व १०, अभ्यास-ज्ञान-संशोधन मिळून ३५, नाण्यांच्या भाषेत ग्रेड म्हणाल ती स्थिती १०, दुर्मिळता २०, आणि दिसायला नीटनेटकं ५. दुर्मिळता फक्त २०! स्थिती तर १०. सगळ्यात जास्त ३५ कशाला, तर तुम्हाला तुमच्या वस्तूबद्दल काय कळतं आणि तुम्ही स्वतः काय शोधून काढलं त्याला. पैसेवाला माणूस महागडं तिकीट आणून लावतो आणि खाली दोन ओळी धड लिहिता येत नाहीत, त्याला परीक्षक खाली बसवतात. बघितलंय मी.

अर्थात तिथे जिवंत परीक्षक लागतात आणि परीक्षक म्हटलं की आपला-परका आलाच. तुमची रजिस्ट्री आकड्यावर चालते, कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, तो तिचा फायदा. पण वेटेजच्या तक्त्यात मर्जी आधीच घुसलेली असते, एवढंच की ती दिसत नाही.

वर सराफ दादांनी जे सांगितलं ना, डॉलर आटवून रुपये पाडले ते, हे जर एखाद्याने १९१८ च्या साध्या रुपयाखाली व्यवस्थित लिहून मांडलं तर आमच्याकडे त्याला डुक्कर रुपयापेक्षा जास्त मार्क मिळतील.

सातपुडा_शहादा

सगळे शहरातल्या नाण्यांबद्दल बोलून राहिले, आमच्याकडचं कोणी बोलेना.

धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ साइडला चांदीचे रुपये पेटीत कमी आणि गळ्यात जास्त राहिले. रुपयाला कडी लावून, टाका मारून माळ करायची, बायका पिढ्यान्‌पिढ्या घालतात. आजपण होळीच्या टायमाला भोंगऱ्या बाजारात जाऊन बघा. ही नाणी आटली नाहीत याचं कारणच ते की ती दागिना होती. पण तुमच्या ग्रेडिंगवाल्याकडे असं नाणं गेलं की तो आकडाच देत नाही, खरं आहे पण खराब केलेलं आहे असा शेरा मारून परत. आणि शेरा असलेलं नाणं अमेरिकन रजिस्ट्रीत धरत नाहीत. म्हणजे मार्क शून्य. माझ्याकडे १९२१ चा रुपया आहे, वरच्या बाजूला टाक्याची खूण, बाकी चेहरा सुंदर, मुकुटावरची नक्षी मोजून घ्या. त्याला शून्य आणि खिसे फिरून फिरून गुळगुळीत झालेल्या, साल कसंबसं वाचता येणाऱ्याला ८ नाहीतर १० ग्रेड. हे कोणतं गणित भो?

अमेरिकेच्या रजिस्ट्रीने त्यांच्या देशाच्या हिशोबाने नियम केले, तिथे नाणी बँकेच्या पोत्यात राहिली. आपल्याकडे गळ्यात, कमरेला, देव्हाऱ्यात राहिली. जेना पैसा तेना नंबर हाई तं व्हयीच, पण नियम तरी आपल्या नाण्याकडं पाहून करा.

सराफगल्ली_जळगाव

हाई खरं शे. आमच्याकडे मोडीत येणाऱ्या रुपयांमध्ये टाक्यावाले भरपूर असतात. पूर्ण शून्य देऊ नका, ग्रेडचा आकडा असेल त्याच्या निम्मे धरा. एक अट मात्र टाका, टाका घासून पॉलिश करून लपवलेला असेल तर बाद. लपवणाऱ्याला मार्क नाही.

आणि पुढे सहाव्या जॉर्जचा सेट घेणार असाल तर आधीच सांगून ठेवतो, १९३९ चा रुपया. तो खरोखरच दुर्मिळ, भाव लाखांत, त्याला कोणत्याही पद्धतीने वेटेज १० च येणार. आणि जिथे १० वेटेज तिथे खोटं नाणं आलंच म्हणून समजा. १९३८ च्या आठाचा नऊ करून आणतात, ओतीव पण फिरतात. वजन करा, भिंगाखाली आकडा बघा, आणि असं नाणं फक्त स्लॅबमधलंच धरायचं असा नियम करा. बाकी नाण्यांना स्लॅबची सक्ती नको, गरिबाने काय करायचं.

कलदार_अमळनेर

बैठक झाली. वाद झाला, पण शेवभाजीपण झाली.

ठरलं ते सांगतो. वेटेज १ ते ३ केलं, तापीकाठवाल्यांचं ऐकलं. १९२२ ला ३, १९२१ ला ३, १९११ आणि १९१५ ला २, बाकी एक. १९११ वर दोन तास गेले, ज्यांच्याकडे आहे ते ऐकायलाच तयार नव्हते, शेवटी सगळ्यांनी आपापल्या तालुक्यातल्या बाजारात गेल्या वर्षात कोणतं साल किती वेळा डोळ्यासमोर आलं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं ठरलं, आणि चिठ्ठ्या उघडल्या तर १९११ बऱ्याच जणांनी बघितलेला, १९२२ जवळजवळ कोणीच नाही. पुस्तकापेक्षा हे बरं वाटलं. तक्ता वर्षभर बदलायचा नाही, पुढच्या वर्षी परत चिठ्ठ्या. टाक्यावाल्याला निम्मे मार्क मंजूर.

नवीन हिशोबाने मी २५ आणि ते तीन नाणीवाले भाऊ २५.७. अजूनपण तेच पुढे!! पण आता अंतर एवढंसं आहे की एक १९२२ आणला की झालं.

तिकीटवाल्या काकांची ३५ मार्कांची कल्पना सगळ्यांना आवडली आणि कोणीच मान्य केली नाही, कारण लिहायचं कोणी.

भुसावळ_जंक्शन

चिठ्ठीची आयडिया चांगली आहे, वर्षाला बदलायची हे त्याहून चांगलं. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा मॉर्गन डॉलर असाच होता, कोरा मिळवणं म्हणजे स्वप्न समजायचे, आणि १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून पोतीच्या पोती बाहेर आली, भाव धाडकन कोसळला. आपल्याकडेपण कोणाच्या भिंतीत काय निघेल सांगता येत नाही. (निघालं तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवायचं बरं का, ग्रुपला नंतर.)

सातपुडा_शहादा

निम्मे तर निम्मे, चालेल. आता एक सांगा, टांकसाळ वेगळी धरणार का पुढे? १९२१-२२ सोडून बहुतेक सालं मुंबई आणि कलकत्ता दोन्हीकडची आहेत, आणि माझ्याकडच्या माळेतले सगळे एकाच टांकसाळीचे वाटतात पण खात्री कशी करायची?

सराफगल्ली_जळगाव

आकडा असलेली बाजू बघा, सगळ्यात खाली मधोमध कमळाचं फूल आहे, त्या फुलाच्या खाली जागेत बारीक उठावाचा ठिपका असेल तर मुंबई, काहीच नसेल तर कलकत्ता. घासलेल्या नाण्यात ठिपका लवकर जातो, म्हणून उजेड बाजूने पाडून बघा, मोबाईलचा टॉर्च आडवा धरला तरी दिसतो. माळ जळगावला आणणार असाल तर सोमवार सोडून या.